उपग्रहाचा मिलिमीटर आणि मराठवाड्याची काळी जमीन

२१ मार्च २०२४ च्या सकाळी आणि पुन्हा १० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोली, परभणी व नांदेड या जिल्ह्यांत जमीन हादरली. दोन्ही धक्के ४.५ तीव्रतेचे होते आणि दोहोंचा केंद्रबिंदू हिंगोली जिल्ह्यात होता. एरवी एवढ्या धक्क्याची चर्चा आठवडाभरात विरून जाते. परंतु ज्या प्रदेशाने किल्लारी पाहिली आहे तेथे भांडी वाजली तरी माणसे अंगणात येऊन उभी राहतात. त्यानंतर वर्षभराने, ३० जुलै २०२५ रोजी, श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ हा उपग्रह अवकाशात गेला. भारतीय अवकाश संशोधन संस्था व अमेरिकेची ‘नासा’ यांनी मिळून बांधलेला हा रडार-उपग्रह भूपृष्ठाची सेंटिमीटरभर हालचालही टिपू शकतो, असे सर्वत्र छापून आले. या दोन गोष्टींची सांगड लोकांच्या मनात घातली गेली, यात नवल नाही. ‘आता भूकंप आधी कळणार ना?’ हा प्रश्न कंधारसारख्या तालुक्याच्या गावी वर्गात विचारला जातो, तसा बाजारातही विचारला जातो.

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आहे. तथापि ते का नाही, आणि मग हा उपग्रह आपल्या नेमका कोणत्या उपयोगाचा, हे समजण्यासाठी त्या बहुचर्चित सेंटिमीटराच्या पोटात शिरावे लागते. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या विषयात का पडावे, अशी शंका कोणी घेईल. मोजमाप आणि मोजमापाच्या आधारावर उभे राहणारे निर्णय हा आमच्या शास्त्राचा नित्याचा उद्योग आहे, एवढेच त्यावर म्हणता येईल.

‘निसार’ सुमारे ७४७ किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि दर १२ दिवसांनी त्याच मार्गावर परत येतो. त्याच्यावर दोन रडार आहेत. एकाची तरंगलांबी सुमारे २४ सेंटिमीटर, तर दुसऱ्याची सुमारे ९ सेंटिमीटर. रडारची लहर जमिनीवर आपटून परत येते तेव्हा ती आपल्या आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, याची नोंद होते. बारा दिवसांनी त्याच जागेवरून परतलेल्या लहरीचा टप्पा वेगळा निघाला, तर मधल्या काळात जमीन उपग्रहापासून दूर गेली किंवा जवळ आली असे अनुमान निघते. लहर जाते आणि येते, म्हणून तरंगलांबीच्या निम्म्याएवढी हालचाल झाली की एक आवर्तन पुरे होते. त्या आवर्तनाचा अगदी लहान अंश वाचता येतो, आणि त्यामुळेच सातशे-साडेसातशे किलोमीटरवरून बोटाच्या पेराएवढा फरक कळतो. ही खरोखरच मानवी बुद्धीची विलक्षण करामत आहे, यात संशय नाही.

पण या घड्याळाला मिनिटकाटा आहे, तासकाटा नाही. एक पूर्ण आवर्तन होऊन काटा पुन्हा त्याच जागी आला तर हालचाल झालीच नाही, एक आवर्तन झाली की दोन झाली, हे एका बिंदूच्या नोंदीवरून सांगता येत नाही. शेजारच्या बिंदूंशी ताडून ते जुळवून घ्यावे लागते. सावकाश आणि सलग सरकणाऱ्या जमिनीच्या बाबतीत हे साधते. एका रात्रीत कोसळणाऱ्या डोंगराच्या बाबतीत ते साधत नाही. ‘निसार’ ज्या दिवशी उडाला त्याच तारखेला, ३० जुलै २०१४ रोजी, माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. तीव्र उताराचे डोंगर, त्यांवरचे दाट रान, पावसाने ओथंबलेली हवा आणि काही क्षणांत घडलेला अनर्थ, या चारही गोष्टी रडारच्या दृष्टीने प्रतिकूल आहेत. अशा उतारावर आधी कित्येक महिने मंद सरकण चालू असेल तरच ती दिसण्याची आशा.

या तंत्राचा इतिहासही मराठवाड्याच्या माणसाला चटका लावणारा आहे. १९९१ मध्ये युरोपने ‘ईआरएस-१’ हा रडार-उपग्रह सोडला. २८ जून १९९२ रोजी कॅलिफोर्नियातील लँडर्स येथे मोठा भूकंप झाला. त्याच्या आधीच्या व नंतरच्या रडार-प्रतिमा एकमेकींशी ताडून फ्रेंच शास्त्रज्ञांनी भूपृष्ठ कोठे किती सरकले याचा पट्टेदार नकाशा तयार केला. जुलै १९९३ मध्ये तो ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि भूकंपशास्त्राला एक नवा डोळा मिळाला. पुढे बारा आठवड्यांनी, गणपती विसर्जनाच्या रात्री, ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे झोपेतच गाडली गेली.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सूक्ष्मता आणि अचूकता या दोन भिन्न वस्तू आहेत. सोनाराचा काटा गुंजेचा फरक दाखवतो, ही त्याची सूक्ष्मता. पण पारड्याच्या तळाला मेणाचा गोळा चिकटला असेल तर तोच काटा गुंजेपर्यंत मोजून चुकीचे वजन सांगतो. रडारच्या पारड्याला असे मेण अनेक ठिकाणी चिकटते, आणि मराठवाड्यात ते जरा जास्तच चिकटते.

पहिले मेण हवेतील बाष्पाचे. रडारची लहर ढगांतून पार जाते, परंतु बाष्पामुळे तिची गती किंचित मंदावते, आणि तो उशीर जमीन दूर गेल्यासारखा दिसतो. दोन प्रतिमांच्या वेळी आर्द्रतेत मोठा फरक असेल तर कित्येक सेंटिमीटरांची खोटी हालचाल नकाशावर उमटू शकते. मे महिन्यातली कोरडी हवा आणि ऑगस्टमधली ओली हवा यांत आपल्याकडे किती अंतर असते, हे सांगण्यास शास्त्रज्ञ नको.

दुसरे मेण पिकांचे आणि मातीचे. दोन प्रतिमा ताडून पाहायच्या तर दोन्ही वेळा जमिनीने लहर जवळपास सारखीच परतवली पाहिजे. घराची भिंत, पूल, खडक हे तशी परतवतात. सोयाबीनचे शेत बारा दिवसांत वेगळेच होऊन बसते. नांगरट झाली, कोळपणी झाली, की ओळखच पुसली जाते. लांब तरंगाचे रडार पाने भेदून आत जाते, म्हणून ते अशा प्रदेशात अधिक उपयोगी. पण तेच वातावरणाच्या वरच्या, विद्युत्भारित थरामुळे अधिक बिचकते. एका बाजूचे मिळवावे तर दुसऱ्या बाजूचे द्यावे लागते, हा हिशेब अर्थशास्त्रज्ञाला अपरिचित नाही.

आणि काळी जमीन तर स्वतःच हलते. उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पाऊस झाला की ती पाणी पिऊन फुगते व भेगा मिटतात. वर्षानुवर्षे शेतकऱ्यांनी पाहिलेली ही गोष्ट आहे. काळ्या मातीवर पाया घातलेल्या घरांच्या भिंतींना तिरप्या चिरा जातात त्या बहुधा याच फुगण्या-आटण्याने. म्हणजे कंधार-लोहा परिसरातील शेतजमिनीचा पृष्ठभाग ऋतूगणिक वर-खाली होत असतो. ही हालचाल खोटी नव्हे, खरीच आहे; परंतु तिचा भूगर्भातील ताणाशी काडीचाही संबंध नाही. याशिवाय ओल वाढली की मातीतून लहर परतण्याची रीतही बदलते, आणि न झालेली हालचाल नोंदली जाते. गंमत अशी की ‘निसार’च्या उद्दिष्टांत जमिनीतील ओल मोजणे हेही एक आहे. एका विभागाची चूक ती दुसऱ्या विभागाची माहिती ठरते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ही दुसरी माहितीच कदाचित अधिक मोलाची ठरेल.

तिसरी गोष्ट क्वचितच सांगितली जाते. रडारची हालचाल ही नेहमी कोणत्या तरी दुसऱ्या बिंदूच्या तुलनेत असते. तो संदर्भबिंदू स्वतः खचत असेल तर स्थिर गावे वर चढताना दिसतील. शिवाय उपग्रह तिरका पाहतो. वर-खालीची आणि पूर्व-पश्चिम हालचाल त्याला बऱ्यापैकी दिसते, उत्तर-दक्षिण हालचाल जवळजवळ दिसतच नाही.

मग मिलिमीटरची भाषा कोठून येते? ती सरासरीतून येते. एका जोडीची चूक समजा एक सेंटिमीटर आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या अशा पंचवीस नोंदींची सरासरी घेतली तर चूक पाचपटीने घटून दोन मिलिमीटरवर येते. नमुना-पाहणीचे हे प्राथमिक गणित प्रथम वर्षाचा विद्यार्थीही करतो. ‘निसार’पुढे ठेवलेले ध्येयही अशाच स्वरूपाचे आहे: तीन वर्षांच्या नोंदींनंतर बहुतांश लक्ष्य-प्रदेशांत हालचालीचा वेग वर्षाला सुमारे दोन मिलिमीटरपर्यंतच्या अचूकतेने सांगता यावा. परंतु या गणितातली कळीची अट ‘परस्परांशी संबंध नसलेल्या’ ही आहे. पावसाळा दर वर्षी त्याच महिन्यांत येतो. उन्हाळ्याची प्रतिमा पावसाळ्याच्या प्रतिमेशी ताडल्याने येणारी चूक शंभर वेळा सरासरी काढली तरी जात नाही, कारण ती शंभरही वेळा एकाच दिशेने झालेली असते. एकाच गावातील शंभर सावकारांना विचारून व्याजाच्या दराची सरासरी काढण्यासारखे ते आहे.

१९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली तेव्हा प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी एकाच क्षेत्रातून परस्परांपासून स्वतंत्र असे उपनमुने काढण्याची पद्धत रूढ केली. आकड्याबरोबर त्या आकड्याची चूकही पाहणीतूनच मोजली जावी, हा तिचा हेतू. त्याच्याही आधी, १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी बिदरच्या वाटेने उत्तरेकडे सरकत होती. (हा लॅम्ब्टन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला; त्याची कबर तेथेच आहे.) त्या मोजणीत एक पायारेषा जमिनीवर साखळीने मोजीत, तिच्यावरून त्रिकोणांची लांबलचक माळ गणिताने पुढे नेत, आणि दूरवर पुन्हा दुसरी पायारेषा प्रत्यक्ष मोजून गणिताशी ताडून पाहत. जो फरक निघे तो लपवीत नसत. तो अहवालात छापणे हाच त्या कामाच्या विश्वासार्हतेचा पुरावा होता.

ही परंपरा मनात ठेवून जोशीमठचे प्रकरण पाहावे. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने प्रसिद्ध केलेल्या टिपणानुसार २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या बारा दिवसांत ते शहर ५.४ सेंटिमीटरपर्यंत खचले होते; त्याआधी एप्रिल ते नोव्हेंबर २०२२ या काळात खचण्याचे प्रमाण ८.९ सेंटिमीटरपर्यंत होते. टिपण वृत्तपत्रांत झळकले, घबराट पसरली, आणि थोड्याच दिवसांत ते संकेतस्थळावरून नाहीसे झाले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शास्त्रीय संस्थांना प्रसारमाध्यमांशी न बोलण्याची सूचना केली. ज्यांच्या घरांच्या भिंती डोळ्यांदेखत दुभंगत होत्या त्या लोकांना आकडा पाहूनच घबराट झाली असे मानणे, हे त्यांच्या बुद्धीचा अवमान करणारे आहे. आकडा एकटाच, त्याची मर्यादा न सांगता बाहेर आला, हा पहिला दोष. आणि मर्यादा सांगण्याऐवजी आकडाच मागे घेतला, हा दुसरा व अधिक मोठा दोष. ५.४ म्हणजे किती कमी-अधिक, कोणत्या बिंदूच्या तुलनेत, उताराच्या कोणत्या भागावर, हे चार ओळींत सांगता आले असते.

मराठवाड्यात आकड्याच्या टोकावर माणसाचे वर्ष कसे लटकते हे आम्हांस नवे नाही. पैसेवारी पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर टंचाईच्या सवलती ठरत आल्या. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी. मंडळाच्या पर्जन्यमापकावर समजा ६४ नोंदले गेले, तर चार कोसांवर शेत वाहून गेलेला शेतकरीही पंचनाम्यासाठी हेलपाटे घालतो. एका मापकाचे म्हणणे अनेक गावांना लागू करताना त्यातली संभाव्य चूक किती, हे कागदावर कोठेही येत नाही. उद्या उपग्रहाचा मिलिमीटर प्रशासनात शिरेल तो याच वाटेने शिरेल, ही भीती निराधार नाही. अमुक मिलिमीटरच्या आत ‘सुरक्षित’, बाहेर ‘धोकादायक’, अशी एक रेघ ओढली जाईल आणि गावाची यादी तिच्यावर बेतली जाईल. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी धोकाग्रस्त गावांच्या यादीत नव्हती, याची आठवण येथे द्यावीशी वाटते.

आता किल्लारीच्या प्रश्नाकडे परत येऊ. भारतीय भूखंड एकंदरीने वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. परंतु दख्खनचा अंतर्भाग जणू एकाच शिळेसारखा सरकतो. या शिळेच्या आतली ओढाताण वर्षाला एक-दोन मिलिमीटरहूनही कमी आहे, असे दीर्घकाळच्या जीपीएस नोंदी दाखवतात. म्हणजे किल्लारीसारख्या भूकंपाचा ताण ज्या गतीने साठतो ती गती रडारच्या उत्तमातल्या उत्तम अचूकतेच्याही खाली, आणि काळ्या जमिनीच्या ऋतुमानाच्या तुलनेत तर नगण्यच आहे. १९९२ च्या पावसाळ्यात व त्यानंतर किल्लारी परिसराला लहान धक्क्यांची मालिका जाणवली होती. ऑक्टोबर महिन्यात एक बराच मोठा धक्काही बसला. तेव्हा आजचा उपग्रह डोक्यावर असता तरी वर्षभरानंतरची ती पहाट त्याने सांगितली नसती. भूकंप होऊन गेल्यावर जमीन कोठे उचलली, प्रस्तरभंग कोणत्या दिशेला कलता आहे, हे मात्र त्याने काही दिवसांतच दाखवले असते. शास्त्रज्ञांना जमिनीत चर खणून आणि खोल छिद्रे घेऊन जे शोधावे लागले, त्यातले काही काम हलके झाले असते. हा उपयोग लहान नव्हे, पण तो पूर्वसूचनेचा उपयोग नव्हे.

त्या पहाटे सुमारे दहा हजार माणसे मेली ती जमीन हलल्याने नव्हे. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि त्यांवरची माळवदांची मातीची ओझी अंगावर आल्याने. भूकंपापूर्वी हा प्रदेश भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारणेत पहिला पट्टाच रद्द झाला व किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. मात्र आमच्या मन्याडच्या काठी तशीच माळवदे अजूनही गावोगाव उभी आहेत. धोक्याच्या मोजणीत एक मिलिमीटर कमावण्यावर खर्चलेला रुपया आणि भिंतींना आडवे पट्टे बांधण्यावर खर्चलेला रुपया यांचा सीमांत लाभ ताडून पाहिला तर या भागात दुसऱ्याचे पारडे खाली जाते, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. उपग्रह तर आता आकाशात आहेच. त्याच्यावरचा खर्च होऊन गेला. प्रश्न उरतो तो त्याच्याकडून योग्य ते काम करून घेण्याचा.

असे काम मराठवाड्यात आहे, आणि ते मातीच्या धरणांचे आहे. धरणाची भिंत नांगरली जात नाही, तिच्यावर पीक उभे राहत नाही, आणि पाण्याकडच्या उतारावरचे दगडी अस्तर रडारची लहर वर्षभर बहुतांशी सारखीच परतवते. मातीचा भराव काळाच्या ओघात दबतो. तो सारखा दबत असेल तर चिंता नसते, एकाच जागी अधिक दबू लागला तर असते. हा फरक सावकाश वाढणारा, जवळच्या दोन बिंदूंतला आणि मुख्यतः वर-खालीचा असतो, म्हणजे नेमका रडारच्या आवाक्यातला. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. डोळ्यांना दिसणारी गळती कागदावर जेथे वजन धरत नाही, तेथे स्वतंत्रपणे मोजलेला आकडा गावकऱ्यांच्या शब्दाला जोड देऊ शकतो.

कंधार तालुक्यात बारूळचे मानार धरण आहे, वर लिंबोटीचे ऊर्ध्व मानार आहे, दोन्ही मातीची. त्यांच्या माथ्यावर व पायथ्याशी धातूच्या पत्र्याचे तीन बाजूंचे परावर्तक बसवले, जवळच्या उघड्या खडकावर दोन तलचिन्हे पक्की केली आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर लेव्हलिंग केले, तर रडारच्या आकड्याची चूक किती हे येथल्या येथेच कळेल. भारतीय सर्वेक्षण विभागाने राज्यात सतत चालू राहणारी उपग्रह-स्थाननिश्चितीची केंद्रे उभारली आहेत. त्यांच्याशी हा धागा जोडता येतो. ‘निसार’ची माहिती कोणालाही विनामूल्य उपलब्ध राहील असे धोरण जाहीर झालेले आहे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि त्याची महाविद्यालये हे काम अंगावर घेऊ शकतात. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना सहलीऐवजी वर्षातून दोनदा बारूळला नेण्यास फारसा खर्च येणार नाही, आणि सहलही होईल.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ प्रमाणे पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर धरणांची तपासणी बंधनकारक आहे. त्या तपासणीच्या अहवालात दोन रकाने वाढवावेत: एकात भिंतीच्या प्रत्येक भागाची उपग्रहाने नोंदलेली हालचाल, दुसऱ्यात त्या नोंदीची कमी-अधिक चूक. दुसरा रकाना कोरा असेल तर पहिला ग्राह्य धरू नये. आणि अहवालाची एक प्रत धरणाखालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर, मराठीत, पाऊस सुरू होण्यापूर्वी लागावी.